जगनभाऊला रडू येत नव्हतं

माझ्या भावाचा गळा चांगला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं त्याच्याविषयी चांगलं लिहायची वेळ फारशी येणार नाही. हळदीच्या मांडवात तो नुसता ‘ओ’ करून आवाज लावायचा, तर पंगतीत वाढणारी माणसं भाजीची बादली हातात धरून थांबायची. आवाजासाठी त्याला काही करावं लागत नसे. विहिरीला झरा असतो तसा तो होता, त्यात जगनभाऊचं कर्तृत्व एवढंच की तो तोंड उघडायचा. पण माणसाला जे फुकट मिळालेलं असतं त्याचीच त्याला सगळ्यात जास्त घमेंड असते, आणि ती त्याला लहानपणापासून होती.

आमचं घर शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरी गावात, मधल्या गल्लीत. पुढं ओटा, मागं गोठा, आणि एका भिंतीला लागून पिठाची गिरणी. गिरणीचा पट्टा सकाळपासून फटफट करायचा आणि त्या तालावर माय भाकरी थापायची, तिला ते कळायचंही नाही. पट्टा तुटला की तिचे हातही थांबायचे. माय काम करताना सतत गुणगुणायची. लग्नाची गाणी, तेलवणाची, मुलगी सासरी निघतानाची, तिच्या माहेरच्या बायकांकडून आलेली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तव्यावर फुगायची, ताटलीत खलबत्त्यातला हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल, आणि मायच्या गाण्याचं एखादं कडवं अर्धवट सुटलेलं, कारण मध्येच दूध उतू जायचं. दादा, म्हणजे आमचे वडील, ओट्यावर बसून जेवायचे. ते बोलायचे फार कमी. केळीला पाणी, लाईट आली का, एवढंच. मी लोणखेड्याच्या कॉलेजात जायला लागले तेव्हा त्यांनी सायकल आणून ओट्याला टेकवली आणि शेतात निघून गेले. कुणासाठी आणली ते मायनं सांगितलं.

जगनभाऊची पहिली कॅसेट सुरतेला रेकॉर्ड झाली. कव्हरवर त्याचं नाव ‘जयकुमार’ असं छापलं होतं आणि गाल इतके गुलाबी रंगवले होते की शेजारच्या काकूंनी विचारलं, याला ताप होता का. आतली बहुतेक गाणी मायची होती. तिच्या तोंडची, चालीसकट. कव्हरवर मात्र ‘गीत, संगीत, गायन’ या तिन्ही शब्दांपुढं जयकुमारच. मी ते मायला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “मंग? मन्हा पोऱ्यानीच गायं ना.” तिला खरंच त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं. पण कॅसेट चालली. शहाद्याच्या स्टँडवरच्या जीपगाड्यांत, लोणखेड्याच्या चहाच्या टपऱ्यांवर, ट्रॅक्टरवर, जिथं तिथं आमची माय जयकुमारच्या आवाजात गात होती. कॉलेजातल्या मुली मला विचारायच्या, “तुझा भाऊ घरीही गातो का गं?” घरी तो गात नसे. घरी तो झोपत असे.

इथवर ठीक होतं. गाऊन थांबला असता तर मी आज त्याची बहीण म्हणून ताठ मानेनं फिरले असते. पण शहाद्यात वासू नावाचा एक माणूस होता. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा आणि घराच्या पुढच्या खोलीत पडदे लावून व्हिडिओ दाखवायचा. त्याच्याकडं हाँगकाँगच्या, हिंदीत डब केलेल्या कॅसेटी यायच्या. त्यातल्या एका हिरोवर जगनभाऊ खुळावला. तो हिरो मूळचा गायक होता. वासूनं जगनभाऊच्या डोक्यात भरवलं की तिकडं चीनच्या बाजूला गाणाऱ्यांनाच पिक्चरचे हिरो करतात; आधी कॅसेटी चालतात, मग थोबाड चालतं. “आपल्या खान्देशात हे कुणी केलंच नाही, जयकुमारभाऊ,” असं वासू म्हणायचा. जगनभाऊला ‘जयकुमारभाऊ’ म्हणणारा माणूस जगात तो एकटाच होता. जगनभाऊ त्याच्यापुढं विरघळायचा.

मग आमच्या घरात हाँगकाँग आलं. जगनभाऊनं कपाळावर केसांची झुलपं सोडली. शहाद्याच्या शिंप्याकडून काळा, पोटऱ्यांपर्यंत येणारा कोट शिवून घेतला. त्या कोटात, चैत्राच्या उन्हात, गुरांच्या चाऱ्याच्या गंजीला टेकून तो उभा राहायचा आणि लांब कुठं तरी बघायचा. दिसायला समोर फक्त केळीचे घड होते. घाम गळून कोटाच्या पाठीवर मिठाची नक्षी उठायची. दादांनी त्याला दोन-तीन दिवस तसं उभं राहिलेलं पाहिलं आणि मायला विचारलं, “याले काही दुखी ऱ्हायनं का?”

तो हाँगकाँगचा माणूस मी नंतर पाहिला. अगदी अलीकडं, माझ्या मुलानं फोनवर शोधून दिला म्हणून. मूळ आवाजात, त्यांच्या कँटोनी भाषेत, खाली अक्षरं. मला वाटलं होतं हसू येईल. एका प्रसंगात त्याला कुणी तरी गेल्याची बातमी कळते. तो हातातला कप खाली ठेवतो, आणि कपाचा कान सरळ करतो. बस. मी फोन बंद करून थोडा वेळ खिडकीशी बसले. त्या माणसाला कुठं थांबायचं ते कळत होतं. हिंदीत डब करणाऱ्यानं त्याच्या तोंडी चुडीवाल्याचा आवाज घातला होता आणि माझ्या भावानं त्या चुडीवाल्यालाच गुरू मानलं होतं. कोट घेतला, झुलपं घेतली. कपाचा कान त्याला दिसलाच नाही.

पिक्चर वासूनंच काढायचा ठरवला. पिक्चरचं नाव मी इथं लिहीत नाही. जगनभाऊच्या गाडीच्या मागच्या काचेवर ते अजून चिकटवलेलं आहे, ज्याला हवं त्यानं तिथं वाचावं. गोष्ट अशी की विधवा आई मुलाला काबाडकष्ट करून वाढवते, मुलगा शहरात गायक होतो, सुनेच्या नादानं आईला विसरतो, आणि परत येतो तेव्हा दारात आईची तिरडी. तिथं तो रडतो आणि रडतारडता गाणं म्हणतो. वासू म्हणायचा, सगळा पिक्चर त्या रडण्यावर उभा आहे. शूटिंग आमच्याच घरात. माय पहाटेपासून त्या सगळ्यांच्या भाकरी थापायची, कधी शेवभाजी, कधी वरण-बट्टी. बट्ट्या तुपात बुडवून घेत ते लोक जेवायचे आणि ढेकर देत म्हणायचे, “मावशी, तुमच्यामुळं पिक्चर व्हई ऱ्हायना.” हे मात्र खरं होतं.

जगनभाऊचा अभिनय मी पहिल्यांदा पाहिला तो गोठ्याच्या दारात. पिक्चर अहिराणी. बाकी सगळे आपलं घरी बोलतात तसं बोलत होते. जगनभाऊ मात्र, ‘आई, मी आलो आहे, मला क्षमा कर,’ असं पंधरा ऑगस्टचं भाषण केल्यासारखं बोलला. हिरोनं शुद्ध बोलायला पाहिजे असं त्याचं मत. एकेक वाक्य संपलं की तो ओठ मिटून घ्यायचा आणि वासूकडं बघायचा, बरोबर आलं का म्हणून. हातांचं काय करायचं ते त्याला कधीच कळलं नाही. कधी कोटाच्या खिशात, कधी कमरेवर, कधी एक वर आणि एक खाली, जसे दोन्ही हात दोन वेगळ्या माणसांचे आहेत. गाताना याच हातांना कधी अडचण आली नव्हती.

आईचं काम करायला सुरतेहून एक बाई आल्या होत्या. मूळच्या इकडच्याच, लग्न होऊन तिकडं गेलेल्या, नाटकांतून कामं केलेल्या. त्यांना आम्ही शांताबाई म्हणायचो. त्या चुलीपुढं बसल्या की कॅमेरा नसला तरी खऱ्याच आमच्या घरातल्या वाटायच्या. गावातल्या बाया शूटिंग बघायला येत त्या जयकुमारला बघायला, आणि जाताना बोलायच्या शांताबाईंबद्दल. हे जगनभाऊच्या लक्षात आलं. एक दिवस सकाळीच एका प्रसंगात शांताबाई थांबल्या आणि साधेपणानं म्हणाल्या, “भाऊ, मी बोलत असतानी मन्हाकडे देख. क्यामेराकडे नको.”

जगनभाऊ लाल झाला. म्हणाला, “तू मले शिकाडू नको. लोक तुले नही, मले देखाले येतस.”

 शांताबाईंनी आत जाऊन कपडे बदलले, पिशवी भरली, मायला नमस्कार केला आणि सुरतेची बस धरली. वासू मोटारसायकल घेऊन मागं लागला. विसरवाडीला बस चहापाण्यासाठी थांबते, तिथं त्यानं त्यांना गाठलं. परत आल्यावर त्यानं जे सांगितलं ते एवढंच की बाई भजी खात होत्या, त्यानं हातापाया पडून बघितलं, आणि त्यांनी कागद चुरगाळून टाकत सांगितलं, “मन्ही तिरडीच काढनी शे ना? मंग मी नसनू तरी चालस.”

त्या दिवशी तिरडीचंच शूटिंग होतं. बांबू आले होते, कडबा आला होता, मडकं आलं होतं. गाव जमलं होतं. रडायला म्हणून गल्लीतल्या बायांना सांगून ठेवलं होतं आणि त्या नवी लुगडी नेसून आल्या होत्या. तिरडी ओट्यापुढं तयार, आणि तिच्यावर कुणी नाही. वासू कपाळ धरून बसला. मग त्यानं डोकं वर केलं आणि त्याची नजर मायवर पडली. ती पाण्याचा हंडा घेऊन दारात उभी होती. तो म्हणाला, “मावशी, तुम्हीच झोपा. तोंड अर्धं झाकू. बांधा तोच आहे, कुणाला कळणार नाही. आणि जयकुमारभाऊला खरं रडू येईल.”

मला वाटलं जगनभाऊ त्याच्या थोबाडीत मारेल. मी तशी वाट बघत होते. जगनभाऊ थोडा विचार करून म्हणाला, “हां, जमी जाई.”

दादा ओट्यावर होते. ते उठले. “मी जित्ता शे अजून,” ते म्हणाले. आमच्या घरात सवाष्ण बाईला कुणी चेष्टेनंही तसलं बोलत नसे. कुणी मेल्याची गोष्ट सांगायची तर तिला आधी आत पाठवायचे. जगनभाऊनं दादांकडं बघितलंसुद्धा नाही. तो मायजवळ गेला आणि लहानपणी खाऊ मागायचा त्या आवाजात म्हणाला, “माय, सगळं गाव उनं शे. आज नही व्हयनं ते मन्ही इज्जत जाई. येक डाव. डोया मिटी पडी ऱ्हाय, बस.”

मायनं हंडा खाली ठेवला. दादांकडं एकदा बघितलं, मग जगनभाऊकडं. म्हणाली, “कोनतं लुगडं नेसू?”

तिला पांढरं लुगडं दिलं. ती नेसून बाहेर आली. ती तिरडीवर आडवी झाली, पाय जुळवले, डोक्याखाली काही मागितलं नाही. वासूनं कॅमेऱ्यातून बघितलं आणि ओरडला, “अरे, कुंकू! विधवा आहे ना!” तो हे सहज बोलला, भिंतीवरचं कॅलेंडर काढा म्हणतात तसं. कुणीही हललं नाही. गल्लीतल्या एकाही बाईनं हात पुढं केला नाही. माझ्याकडं वासूनं बघितलं तर मी हात पाठीमागं बांधले. मायनं डोळे उघडून वर बघितलं, आणि आपला हात कपाळापर्यंत नेला, पण तिथंच थांबवला.

तेव्हा जगनभाऊ वाकला. हंड्यातलं पाणी घेऊन त्यानं रुमाल ओला केला आणि मायचं कुंकू पुसलं. एकदा पुसून गेलं नाही म्हणून पुन्हा पुसलं. मग मागं सरून, मान तिरकी करून बघितलं, आणि वासूला विचारलं, “आते?”

मी आयुष्यात पुष्कळ क्षुद्र माणसं पाहिली. शाळेत नोकरी केली, संस्थाचालक पाहिले, बदलीसाठी सासऱ्याला आजारी पाडणारे मास्तर पाहिले. पण त्या ‘आते?’ इतका हलका शब्द मी अजून ऐकलेला नाही.

शूटिंग सुरू झालं. जगनभाऊ गल्लीच्या टोकाकडून कोट उडवत पळत आला, गुडघ्यावर पडला आणि ‘आई’ म्हणून ओरडला. आणि त्याला रडू आलं नाही. तोंड उघडलं, दात दिसले, भुवया वर गेल्या, खांदे हलले, पण चेहरा होता तसाच कोरडा. ठसका लागलेल्या माणसासारखा दिसत होता. मागून एक पोरगं फिस्सकन हसलं. वासूनं पुन्हा घ्यायला सांगितलं. पुन्हा पळत आला, पुन्हा पडला. डोळ्यांखाली बाम चोळला तर तो ‘जळी ऱ्हायनं, जळी ऱ्हायनं’ करत उठून पाण्याकडं पळाला. कांदा आणला. मग ग्लिसरीनचे थेंब सोडले, ते झुलपांवर पडून केस चिकट झाले, त्यावर त्यानं आरसा मागवला. ऊन वर आलं होतं. माय कडब्यावर तशीच पडलेली. तिच्या ओठावर माशी बसायची, उडायची, परत बसायची, आणि ती हलत नव्हती. मी छत्री घेऊन तिच्याजवळ गेले तर वासू म्हणाला, सावली येते, बाजूला हो. रडायला आणलेल्या बाया आता पदराआड हसत होत्या. कुणी तरी म्हणालं, “याले म्हनो, गानंच म्हन. रडनं ऱ्हाऊ दे.”

जगनभाऊ परत गुडघ्यावर पडला. ‘आई’ म्हणाला. आणि तेव्हा तिरडीवरून आवाज आला.

मायचे डोळे मिटलेलेच होते. ओठही जेमतेम हलत होते. आमच्याकडं बाया मयतावर हेल काढून, शब्द जुळवत रडतात, तसं ती रडायला लागली. अगदी हळू, त्याच्या एकट्याच्या कानाला जाईल एवढं. लहानपणी त्याला चाल विसरली की ती चुलीजवळून अशीच पुढचा सूर काढून द्यायची. “वं मन्ही माय वं... कोन आते भाकर वाढी वं... कोन मन्ही वाट देखी...” त्याच्या वतीनं, त्याच्या आईसाठी, ती स्वतः रडत होती. असं रड बाळा, असं, म्हणून दाखवत होती.

गल्ली शांत झाली. पुढच्या बाईनं हे ऐकलं आणि तिचा चेहरा वाकडा झाला. मग तिच्या मागची. मग सगळ्याच. खऱ्या रडल्या. प्रत्येकीला कुणी तरी गेलेलं आठवलं असेल. वासूच्या हाताखाली दिवा धरणारा माणूसही मनगटानं नाक पुसायला लागला. मी कशी रडले ते मला सांगता येणार नाही. माझी माय जिवंत माझ्यापुढं पडली होती आणि मी तिच्या मयतावर रडत होते.

एकटा जगनभाऊ रडला नाही. त्यानं मायच्या खांद्याला बोट लावलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, “माय, व्हट हालू नको. क्यामेरामा दिखस.”

आवाज बंद झाला.  माय उठून बसली. पाठीला कडब्याच्या काड्या चिकटल्या होत्या. वासू ‘मावशी, मावशी, अजून एकच’ करत पुढं आला, तोवर दादा ओट्यावरून घरात गेले होते.  बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मायचा कुंकवाचा करंडा होता. दादांनी आमच्यासमोर मायला कधी नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. ते सगळ्या गावासमोर तिरडीशेजारी उकिडवे बसले, करंड्यात बोट बुडवलं आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं. टिळा वाकडा लागला, थोडं नाकावर सांडलं. मायनं मान खाली घालून लावून घेतलं. मग दादा तिला हाताला धरून उठवत जगनभाऊला म्हणाले, आवाज न चढवता, “तुन्ही माय मरी गई. तूच तिन्हं कुकू पुसं. आते ह्या घरमा कोनकडे येशी?”

जगनभाऊ गुडघ्यावरच होता. त्यानं वासूकडं मान वळवली आणि विचारलं, “हाई घिदं का? चालू व्हतं का?”

चालू नव्हतं. वासूनं मघाशीच बंद केलं होतं.

जगनभाऊ त्याच दिवशी कोट आणि आरसा घेऊन शहाद्याला वासूकडं राहायला गेला. मायनं विहिरीवर जाऊन अंगावरच्या लुगड्यासकट अंघोळ केली आणि ते लुगडं तिथंच सोडून दिलं. संध्याकाळी तिनं रोजच्यासारख्या भाकरी थापल्या. गिरणी चालू होती, हात तालावर पडत होते. गाणं नव्हतं. पुढं कित्येक दिवस ते नव्हतं. आपण गप्प आहोत हे तिला माहीत नसावं; भाजी ढवळता ढवळता मध्येच थांबायची, काही तरी आठवायचं राहिलं आहे असा चेहरा करायची, आणि परत ढवळायला लागायची. दादा जगनभाऊचं नाव काढत नसत. मी सायकल काढून कॉलेजात जायचे, तिथल्या मुली विचारायच्या, पिक्चर कधी येतोय, आणि मी सांगायचे, येऊ नये अशी प्रार्थना करा.

पण तो आला. शहाद्यात एक मंगल कार्यालय घेऊन, खिडक्यांना गोधड्या लावून, भर दुपारी मोठ्या पडद्यावर दाखवला. गाव ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून गेलं. मला जायचं नव्हतं. माय म्हणाली, “मी जासू. तू चाल मन्हासंगे.” दादांनी हे ऐकलं आणि ट्रॉलीत तिच्यासाठी पोतं अंथरलं. ते स्वतः आले नाहीत.

गाण्यांना टाळ्या पडल्या. गाणी सुरू झाली की लोक मागं टेकून डोळे मिटायचे. गाणं संपून जयकुमार बोलायला लागला की डोळे उघडायचे आणि खुदखुदायला लागायचे. त्याच्या ‘मला क्षमा कर’वर एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, “करी दिनं, आते बठ खाले.” तिरडीचा प्रसंग आला तेव्हा आधीच सगळे तयार होते. वासूनं सगळे तुकडे एकामागं एक जोडले होते, त्यामुळं जयकुमार पळत येऊन पडतोय, परत येऊन पडतोय, असं दिसत होतं. त्यानं तोंड उघडलं आणि मंगल कार्यालय फुटलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. जे पोरगं गल्लीत फिस्सकन हसलं होतं ते आता खुर्चीवर उभं राहून नक्कल करत होतं. मायच्या हेलाचं जगनभाऊनं गाणं करून स्वतःच्या आवाजात घातलं होतं, वर सनई आणि ढोलक. त्या हसण्यात ते कुणाला ऐकूच गेलं नाही. मी मायकडं बघायला घाबरत होते. शेवटी बघितलं. ती पडद्याकडं टक लावून बसली होती, हसत नव्हती, रडतही नव्हती. परत येताना ट्रॉलीत तिनं एवढंच विचारलं, “त्याले जेवाले मिळत व्हई का तठे?”

मला तिचा राग आला. खरं सांगते, अजून येतो. पुष्कळ लोक मला सांगतात की आईचं काळीज असं असतं वगैरे. असेल. माझं काळीज माझ्या भावाच्या बाबतीत तसं नाही, आणि मी ते तसं करून घेण्याचा प्रयत्नही केला नाही.

पाऊस संपून कापूस वेचणीला आला होता तेव्हा एका दुपारी जगनभाऊ दारात उभा राहिला. वासूचं आणि त्याचं फाटलं होतं, ते आम्हाला आधीच कळलं होतं. कोट अंगात होता. झुलपं कपाळाला चिकटली होती. दादा शेतात होते. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते. तो पायरीच्या खालीच थांबला; वर चढला नाही. इकडं तिकडं बघत म्हणाला, “सुमी, माय शे का घरमा?”

मी पुस्तकातून डोकं न काढता म्हणाले, “नही.”

तो उभाच राहिला. मीही पान उलटलं नाही. गिरणी बंद होती, आत काय चाललंय ते सगळं ऐकू येत होतं. तवा चुलीवर ठेवल्याचा आवाज झाला.

“शे,” माय आतून म्हणाली. “हातपाय धुई ले.”

तो माझ्याकडं न बघता आत गेला. मी दारातून बघत राहिले. तिनं पाट टाकला, गरम भाकर वाढली, वर तेल सोडलं. तो भुकेला होता. पहिली भाकर त्यानं मान वर न करता संपवली. माय दुसरी वाढत होती तेव्हा त्यानं झुलपं मागं सारली, पाणी प्यायला आणि विचारलं, “माय, तू देखा ना पिक्चर? मी कसा दिखनू?”

मायनं तव्यावरची भाकर उलटली. ती फुगेपर्यंत बघत राहिली.

“गानं चांगलं शे,” ती म्हणाली.